मास्तरांचे दात हैदराबादला जातात

बँडवाल्याचं अर्धं आयुष्य वाजवण्यात जातं आणि उरलेलं अर्धं 'नवरदेव दोन मिनिटांत येतोच' यात जातं. त्या दोन मिनिटांचा कमीत कमी पाऊण तास होतो. अंगात लाल कोट, डोक्यावर ऊन, गळ्यात वाद्य. अशा वेळी माणूस करणार काय? बोलतो! म्हणून आमच्याकडे किस्से साचतात. अडचण एकच. किस्सा रंगात आला की नेमका नवरदेव येतो आणि शेवट राहून जातो.

सध्या लग्नाची तारीख नाही, कोट धोब्याकडे आहेत आणि नवरदेव यायची भीती नाही. तेव्हा बसा. हे शेवटपर्यंत सांगतो.

आमचा बँड अंबडचा. माणसं चौदा, पण या गोष्टीत चारच. किसन मास्तर क्लॅरनेट वाजवतात. सलीमभाई साइड ड्रम. बबन खुळखुळा वाजवतो आणि जेवणावळीत सगळ्यांत शेवटी उठतो. मी विलास, मी बास वाजवतो. ते भलंमोठं पितळी भोंग्याचं वाद्य आहे ना, तेच. तीस वर्षं 'पों पों' करतोय, पण 'काय बास वाजवला हो!' असं एकाही व्याह्यानं म्हटलेलं नाही. दिवसा माझं कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं तरी लोक 'कॉपी चांगली आली' म्हणतात.

बँडमध्ये गाणं म्हणते ती क्लॅरनेट. आम्ही बाकीचे नुसता हुंकार भरतो. मास्तर वाजवत असले तर आम्ही बँड, नाहीतर गोंगाट. एवढं ध्यानात ठेवा.

*

मास्तरांचे वरचे पुढचे चार दात दोन वर्षांपासून हलत होते. आता क्लॅरनेटचं कसं असतं, तिचं तोंड वरच्या दातांना टेकवून धरावं लागतं. दात हलला की सूर हलतो. पण मास्तर कुणाला बोलले नाहीत.

उन्हाळ्यात मंठ्याला एक वरात होती. बसस्टँडच्या कोपऱ्यावर नाच ऐन भरात आला, मास्तरांनी वरचा सूर लावला आणि एकदम 'चींऽऽऽ'! मला वाटलं कुणीतरी मोटरसायकलचा ब्रेक मारला. मास्तर थांबले नाहीत. जिभेनं काहीतरी गालात ढकललं आणि गाणं पुढं चालू.

नवरदेवाचा मामा मात्र नाचता नाचता थांबला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "वन्स मोअर! आत्ता जे काय वाजवलं ना, ते वन्स मोअर!"

मंडपाशी पोचल्यावर मास्तरांनी गालातली वस्तू काढून कोटाच्या खिशात टाकली. मी विचारलं, "काय झालं, मास्तर?"

"दात पडला."

"अरे बापरे! मंग आता?"

"आता काय? मामा वन्स मोअर म्हणून राह्यलाय. अजून तीन हायेत, पण एका लग्नात एकच!"

*

उरलेले तीन जालन्याच्या डॉक्टरनं काढले आणि चार दातांची कवळी करून दिली. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, सोबत होत्या. डॉक्टर म्हणाला, "घाई करू नका. आधी मऊ खा, मग मध्यम, मग कडक."

काकूंनी विचारलं, "अन् वाजवायचं कधी?"

डॉक्टर जरा गोंधळला. म्हणाला, "हे आम्हाला शिकवलेलं नाही."

काकूंनी मग स्वतःच नियम केला. "सुकं खोबरं चावलं की समजायचं, दात आपले झाले. तवर ते डॉक्टरचे!"

मास्तरांना दम कुठला? चौथ्याच दिवशी त्यांनी आम्हाला अंगणात बोलावलं. मास्तरांची एक रीत आहे. क्लॅरनेटच्या तोंडाला नवी वेताची पत्ती लावली की ते भिंतीकडं तोंड करून सूर तपासतात, जमल्यावरच आमच्याकडं वळतात. त्या दिवशीही भिंतीकडं वळले आणि फुंक मारली. आधी शिट्टी वाजली, मग वारा आला, आणि मग मास्तरांनी क्लॅरनेट तोंडातून काढली तर दात क्लॅरनेटला लटकलेले!

कंपाउंडवर बसलेली गल्लीतली पोरं खो-खो हसली. बबनही हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी दात धुतले, डबीत ठेवले. क्लॅरनेट पुसली, पेटीत ठेवली. म्हणाले, "झालं आपलं. दुसरा मास्तर बघा." त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

*

त्या दिवसापासून मास्तरांच्या तोंडावर रुमाल आला. खाणं म्हणजे दुधात कुस्करलेली भाकर. बोलणं म्हणजे मान हलवणं. पावसाळा तसाच गेला. गणपतीत आम्ही क्लॅरनेटशिवाय मिरवणूक वाजवली, तर मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "गाणं कधी सुरू करता?" आम्ही चौथं गाणं वाजवून राह्यलो होतो!

तुळशीच्या लग्नानंतरची पहिली तारीख अंबडातलीच होती. आपल्याच गावात तोंड दाखवायचं होतं. सलीमभाई म्हणाले, "मास्तर नहीं बजाएंगे तो बंद करो बँड. खुळखुळा सुनने कोण आएगा?"

"खुळखुळ्याला काय झालं?" बबन तडकला.

एके दिवशी काकू दुकानात आल्या. आधार कार्डाची झेरॉक्स काढायची आहे म्हणाल्या, पण कार्ड काही पिशवीतून काढेनात. मग म्हणाल्या, "इलासराव, वाजवत न्हाईत त्याचं मला काई न्हाई. पण घरात माणूस हाय का न्हाई, ते बी कळंना झालंय. आधी भांडायचे तरी!"

मी रिकामा स्टेपलर दाबत राहिलो. काकूच पुढं म्हणाल्या, "त्यांला कुठंतरी न्या. जिथं चांगलं वाजून राह्यलंय अन् चांगलं शिजून राह्यलंय. दोन्ही तोंडाचीच कामं हायेत. एकानं न्हाई तर दुसऱ्यानं तोंड उघडंल!"

*

आमची मीटिंग दुकानातच बसली. शहर कुठलं? मी म्हटलं पुणं. बबन म्हणाला, "पुण्यात आपल्याला मंगल कार्यालयाचं मागचं गेट अन् पाण्याची टाकी सोडून काई ठाऊक हाय का?"

खरं होतं. बँडवाल्यानं सगळी शहरं मागच्या गेटनं बघितलेली असतात. कोल्हापूर म्हटलं, तर बबन म्हणाला तिथलं मागचं गेट लहान आहे, बास अडकतो.

सलीमभाईंनी निकाल लावला. "हैदराबाद चलो. मेरी आपा है उधर, ऱ्हायाचा खर्चा न्हाई. जुम्मेरात को दर्गे में कव्वाली. अन् आपल्याकडं पितरपाट असलं तरी उनके यहाँ शादियां बराबर चालू!"

पितरपाटात आपल्याकडं एकही लग्न नसतं, म्हणजे आम्ही रिकामे. तारीख ठरली. मग मी कॉम्प्युटरवर तक्ता केला. रकाने पाच: वार, वेळ, वाजणं, खाणं, कडकपणा. डॉक्टरचा क्रम तंतोतंत पाळला. गुरुवारी सकाळी इराणी चहात बुडवलेलं बिस्किट, मऊ. दुपारी आपाकडं खिचडी, मऊ. संध्याकाळी कव्वाली आणि नंतर खुबानीचं, म्हणजे जर्दाळूचं गोड, अजून मऊच. शुक्रवारी लुखमी, म्हणजे तिथला चौकोनी सामोसा, मध्यम. शनिवारी पत्थर का गोश्त, म्हणजे तापल्या दगडावर भाजलेलं मटण, कडक! खाली मोठ्या अक्षरात सूचना टाकली: 'मास्तरांना संशय येऊ देऊ नये.' चार कॉप्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी एक वकील कोर्टातून तरातरा दुकानात आले. हातात बांधाच्या भांडणाचं प्रतिज्ञापत्र होतं, आमच्याकडंच झेरॉक्स काढलेलं. म्हणाले, "पान चार! जजसाहेबांनी मोठ्यानं वाचलं. 'गुरुवार, खिचडी, मऊ.' मी म्हटलं पुढं बघू. तर पुढं 'पत्थर का गोश्त, कडक'! समोरचा वकील म्हणतो आमच्या अशिलाला धमकी आहे!"

मी कपाळाला हात लावला. माझा एक कागद त्यांच्या गठ्ठ्यात स्टेपल झाला होता. मी हात जोडून म्हटलं, "चुकलं साहेब, पण मास्तरांना कळलं नाही म्हणजे मिळवली."

वकिलांच्या मागं अशील उभा होता. तो म्हणाला, "आमच्याच शेजारी राहतेत ना मास्तर? कागद रात्रीच वाचला, मी सकाळीच सांगून आलो!"

*

आम्ही मान खाली घालून मास्तरांकडं गेलो. मास्तर ओट्यावर बसले होते, तोंडावर रुमाल. म्हणाले, "ऐकायला येतो. चावायला येणार न्हाई. दात घरीच राहतील."

"पण मास्तर..."

"पितरपाटात नवं काई चालू करत न्हाईत. दात बी न्हाईत!"

सलीमभाई म्हणाले, "मास्तर, दात नए होंगे, मुँह तो वहीच पुराना है ना!"

बबनला वेगळीच काळजी. "मंग मास्तर, पितरपाटात मटण?"

मास्तरांनी रुमालाआडून उत्तर दिलं, "मटण कुठं नवं हाय? ते आधीपासून चालूच हाय!"

निघायच्या दिवशी काकूंनी मला दाराआड बोलावलं आणि हातात एक स्टीलची डबी दिली. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेले दात. "त्यांला म्हाईत न्हाई. फडकं वाळू देऊ नका, डॉक्टरनं सांगितलंय. येळ आली की द्या."

"वेळ आली हे कळायचं कसं, काकू?"

"बास वाजवता ना? सम कळती ना? मंग!"

मी डबी माझ्या पिशवीत कपड्यांच्या तळाशी ठेवली आणि फक्त सलीमभाईंच्या कानावर घातलं. लग्नात सोन्याची बॅग सांभाळणारी मावशी असते ना, तसा मी त्या पिशवीला चिकटून होतो.

*

जालन्याहून संध्याकाळी गाडीत बसलो. मास्तर खालच्या बर्थवर, मी वरच्या. मास्तर म्हणाले, "मान अवघडली. ती तुझी पिशवी दे उशाला." आता नाही कसं म्हणणार? दिली.

उजाडलं तेव्हा खालून कुरकुर कुरकुर असा आवाज आला. मी वाकून पाहिलं, तर मास्तर तोंडावर चादर घेऊन झोपलेले. मी सलीमभाईंना उठवलं. "डब्यात उंदीर हाय!"

थोड्या वेळानं बबनची बोंब. वाटेत खायला घेतलेला टोस्टचा पुडा अर्धा रिकामा! सलीमभाई म्हणाले, "उंदीर मिला अपने को. खुळखुळा बजाता है."

बबन आईची शपथ घेऊन राह्यला, पण पंगतीत सगळ्यांत शेवटी उठणाऱ्याची शपथ कोण मानतो?

काचीगुड्याला उतरल्यावर मी आडोशाला जाऊन डबी उघडली आणि फडक्यावर पाणी शिंपडलं. फडकं उलगडलं नाही. दुसऱ्याचे दात उघडून बघणं मला बरं वाटेना.

*

स्टेशनजवळच्या हॉटेलात नाश्त्याला बसलो. वेटरनं गरम पुऱ्या, भाजी, चहा, बिस्किटं सगळं पुढ्यात आणून ठेवलं. आणि आम्ही चौघंही नुसते बसून राहिलो.

पाच मिनिटांनी वेटर आला. "क्या हुआ साब? कुछ कमी है?"

कमी काही नव्हती. आम्ही वाट बघून राह्यलो होतो! कुणाची ते आम्हालाच कळेना. तीस वर्षांची सवय. आधी वऱ्हाड जेवतं, मग घरची माणसं, मग वाढपी, मग बँड. समोर ताट असून सुरुवात करायची हे आमच्या हातांना माहीतच नव्हतं.

शेवटी बबननं पुरी उचलली आणि जीभ भाजून ओरडला, "अरे, पुरी गरम असती व्हय!"

आम्ही हसलो. पण हसता हसता मला भरून आलं. इतकी लग्नं वाजवली आणि गरम पुरीचा पत्ता हैदराबादला लागला! मास्तरांनी बिस्किट चहात बुडवलं आणि रुमालाआड नेलं. तक्त्याप्रमाणं, मऊ.

*

सलीमभाईंच्या आपा, म्हणजे थोरल्या बहीण, प्रेमळ बाई, पण करड्या. दुपारी त्यांनी मास्तरांसाठी मऊसूत खिचडी आणि चिंचेचं आंबट सार केलं, आणि आम्हाला खिचडीसोबत वाळवून तळलेलं मटण. चावताना जबडा दुखावा असं कडक, पण चव अशी की जबड्याची पर्वा नाही. ताट मधे ठेवून आपा आत पाणी आणायला गेल्या. आम्ही तिघं हात धुवायला गेलो. मास्तर बसूनच होते.

परत आलो तर ताटात तळाशी चार तुकडे.

आपांनी एकदा ताटाकडं पाहिलं आणि मग बबनकडं. "कैकू मियाँ, हात धोने के पहलेच?"

"मी न्हाई खाल्लं! मी हात धुवायला गेल्तो!" बबन रडकुंडीला आला. "मास्तर, तुम्ही सांगा ना! तुम्ही इथंच होते!"

मास्तरांनी रुमालाआडून फक्त मान हलवली. होकार होता की नकार, ते कळलं नाही. बबनला नुसत्या खिचडीवर भागवावं लागलं नाही, कारण आपांनी पुन्हा तळून वाढलं. पण वाढताना म्हणाल्या, "ये ले, चोर."

*

संध्याकाळी दर्ग्यात गेलो. चौघं ओळीनं मांडी घालून बसलो. बँडवाल्याला बसून गाणं ऐकायची सवय नसते. सलीमभाईंची बोटं गुडघ्यावर थांबत नव्हती, शेवटी ते स्वतःच्या हातांवर बसले.

आमच्या धंद्यात एक खूण असते. गाणं बदलायचं असलं की मास्तर बोलत नाहीत, तोंडात क्लॅरनेट असते ना! त्यांचा डावा खांदा उडतो. तेवढ्यावर चौदा माणसं दुसऱ्या गाण्यात जातात. म्हणून चढणीवर आलं की आमची नजर आपोआप मास्तरांकडं वळते.

कव्वाली चढत गेली. पेटी, ढोलक, टाळ्या, सगळं एकावर एक. आणि मी, सलीमभाई, बबन, तिघंही सवयीनं वळून मास्तरांकडं बघायला लागलो! कव्वाल समोर आणि आमची तोंडं उलटी.

मास्तरांचे डोळे मिटलेले होते. रुमाल ओला झाला होता. मांडीवर दहाही बोटं चालली होती, क्लॅरनेटच्या भोकांवर चालतात तशी. आणि ऐन क्षणी त्यांचा डावा खांदा उडाला. त्याच वेळी कव्वालानं ओळ बदलली.

चार महिन्यांनी उडाला तो खांदा.

सलीमभाई कानाशी आले. "इलास, टाइम हुआ. डबी निकाल."

मी म्हटलं, "दर्ग्यात दात कसे द्यायचे हो?"

*

शुक्रवारी दुपारी बाजारात हिंडताना समोरून एक वरात आली. पुढं मर्फा, म्हणजे आपल्या ढोल-ताशाचा हैदराबादी भाऊ. काय वाजवतात लेकाचे! आम्ही ऐकायला रस्त्याच्या कडेला थांबलो.

थांबलो असं आम्हाला वाटलं. प्रत्यक्षात आमचे पाय केव्हा चालायला लागले कळलंच नाही. शुद्धीवर आलो तेव्हा आम्ही दोन-दोनच्या रांगेत वरातीच्या पुढं चाललो होतो! नवरदेवाची गाडी थांबली की आम्ही थांबायचो, चालली की चालायचो. बबन रिकाम्या हातानं खुळखुळा हलवत होता. एका चौकात गाडीवाले अडले, तर सलीमभाईंनी हात दाखवून ट्रॅफिकसुद्धा थांबवलं.

असं करत शादीखान्यात पोचलो. सवयीनं मागच्या बाजूला जाऊन पाण्याच्या टाकीजवळ उभे राहिलो. शेरवानीतला एक गृहस्थ धावत आला. आमचे हात धरून म्हणाला, "आप लोगां इधर कैकू खड़े? खाने पे चलो! लड़के वाले हैं क्या लड़की वाले?"

सलीमभाई छाती काढून म्हणाले, "बाजेवाले!"

गृहस्थ एवढा हसला, एवढा हसला की त्यानं आम्हाला पहिल्या पंगतीला बसवलं. पहिल्या! दोन्हीकडच्या व्याह्यांच्या समोर! लुखमी आली. मास्तर म्हणाले, "माझी ठेवा, गार झाल्यावर बघतो." नंतर पाहिलं तर ताट रिकामं होतं आणि सलीमभाई बबनकडं बघत होते.

बबननं या वेळी शपथ घेतली नाही. तो नुसता म्हणाला, "माझ्या नशिबातच लिहिलंय."

*

शनिवारी सकाळी आपांनी सांगितलेल्या बँडवाल्यांच्या गल्लीत गेलो. गल्ली म्हणजे काय सांगू! दोन्ही बाजूंनी बँडचीच दुकानं. खिळ्यांना ट्रंपेट लटकवलेले, दोरीवर झालरवाले कोट वाळत घातलेले. आम्हाला माहेरी आल्यासारखं वाटलं. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं बसून 'नवरदेव येईपर्यंतच्या' गप्पा मारत होती. भाषा वेगळी, पण किस्से तेच!

एका दुकानात पिकल्या दाढीचे एक वस्ताद क्लॅरनेटला पत्ती बांधत बसले होते. आम्ही सलाम केला. त्यांनी मास्तरांना विचारलं, "आप क्या बजाते?"

मास्तर काही बोलायच्या आत बबन बोलून गेला, "क्लॅरनेट वाजवायचे. दात पडले ना, आता न्हाई वाजवत."

मास्तरांनी बबनकडं असं पाहिलं की तो दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

वस्तादांनी मास्तरांच्या रुमालाकडं पाहिलं. मग हातातली क्लॅरनेट शर्टाच्या बाहीला नीट पुसली, तोंडाकडची बाजू मास्तरांकडं करून दोन्ही हातांनी पुढं धरली. विड्याचं तबक धरतात तशी.

मास्तरांनी ती घेतली. हातात जोखली. एकेक चावी दाबून पाहिली.

सलीमभाईंनी मला कोपर मारलं. "डबी!"

मी पिशवीत हात घातला. नेमके कपडे आडवे येऊन राह्यले. टॉवेल निघाला, तक्ता निघाला, बबनचा मोजा निघाला, डबी काही निघेना! काकूंनी एक काम सांगितलं होतं, तेही जमेना.

तेवढ्यात मास्तर भिंतीकडं वळले.

रुमाल काढून त्यांनी खांद्यावर टाकला. आमच्याकडं पाठ, समोर खिळ्याला लटकवलेला एक कोट. खांदे वर झाले, श्वास भरला, आणि...

'चींऽऽऽ!'

पायऱ्यांवरची डोकी आमच्याकडं वळली. मला मंठ्याचा बसस्टँड आठवला, ते अंगण आठवलं, हसणारी पोरं आठवली. वाटलं, संपलं. आपणच आणून या माणसाची दुसऱ्यांदा शोभा केली.

आणि बाहेरून बबनचा आवाज आला. अगदी मनापासून. "वन्स मोअर!"

मास्तरांची पाठ हलली. हसले की काय ते कळलं नाही. पण पुन्हा श्वास भरला, आणि या वेळी सूर आला. आधी बारीक, जरा हिंदकळत. मग भरत गेला, भरत गेला आणि स्थिर झाला. वस्तादांनी डोळे मिटले. समोरच्या पायरीवरची माणसं उठून उभी राहिली. सलीमभाईंनी कुणाला न विचारता भिंतीवरचा ड्रम ओढला. एका माणसानं माझ्या गळ्यात बास अडकवला, बबनला कुठून तरी खुळखुळा मिळाला.

मास्तर आमच्याकडं वळले. तोंडात क्लॅरनेट, डोळ्यात पाणी. डावा खांदा उडाला आणि आम्ही सगळे गाण्यात शिरलो. हैदराबादचे आणि अंबडचे, एकदमच.

गाणं संपल्यावर जो तो मास्तरांना मिठ्या मारून राह्यला. मी बास उतरवला, खाली सांडलेले कपडे पिशवीत भरायला बसलो, तर टॉवेलच्या घडीतून डबी घरंगळली. झाकण उघडलं. फडकं अजून ओलं होतं, सकाळीच मी पाणी शिंपडलं होतं.

मी फडकं उलगडलं.

आत सुक्या खोबऱ्याचा एक तुकडा होता. एका कडेनं चावलेला. चार दातांच्या खुणा, एका ओळीत.